पुण्यात वर्षभर पाच जोड पुरतात, फक्त घेताना सोल बघा

प्रश्न विचारणाऱ्या ताई लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आल्या. राहतात कोथरूडला, स्कूटरवरून जातात हिंजवडीला. घरात चपला-बुटांचे अकरा जोड, त्यातले चार गेल्या पावसाळ्यात वाया गेले: दोनांना बुरशी लागली, दोनांचे सोल सुटले. आता त्यांना मोजकेच जोड ठेवायचेत. ऑफिस, पाऊस, टेकडी, लग्नकार्य सगळं त्यात भागलं पाहिजे आणि दरवर्षी कचऱ्यात भर पडता कामा नये. शिवाय चामडं घ्यावं की ‘व्हेगन लेदर’, हाही प्रश्न आहे. खर्चाची तयारी दहा हजारांपर्यंत.

ताई, मी पेठेत चपला-बूट बनवतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. त्यामुळे माझं उत्तर विकणाऱ्याचं नाही, शिवणाऱ्याचं आहे हे धरून वाचा. पाच जोड पुरतात. पावसाचं एक सँडल, ऑफिसचा एक चामड्याचा बूट, एक कोल्हापुरी, टेकडीसाठी एक शूज आणि एक हवाई. पण दुकानात जाण्याआधी घरातले अकरा बाहेर काढा, कारण सगळ्यात कमी नुकसान करणारा जोड बहुतेक वेळा आपल्या कपाटातच असतो.

हे मी भावनेने म्हणत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या एका साध्या सिंथेटिक बुटाचा हिशेब मांडला होता. एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त कारखान्यात जोड बनतानाच बाहेर पडलेला. त्या बुटात ६५ वेगवेगळे भाग होते आणि ते जोडायला ३६० प्रक्रिया लागत होत्या. म्हणजे तुम्ही तो वर्षभर घाला की चार वर्षं, मोठं नुकसान तो दुकानात येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. मग ‘पर्यावरणपूरक’ असं छापलेला नवा खोका आणायचा की घरातल्या बुटाला नवा सोल टाकायचा, याचा निर्णय फारसा अवघड राहत नाही.

तर अकरा जोड जमिनीवर उलटे मांडा. सुलटे नाही, उलटे. वरचा रंग, बक्कल, पट्टा सगळं विसरून फक्त सोल बघायचे.

आमच्याकडे दर दिवाळीनंतर, लग्नाचा सीझन सुरू झाला की एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. हातात खोका, खोक्यात टिश्यू पेपर, त्यात जवळजवळ नवाकोरा बूट किंवा सँडल. ‘चार वर्षांपूर्वी घेतला, दोनदाच घातला, जपून ठेवला होता, आणि काल हॉलमध्ये दहा पावलं चालले तर सोलच गळून पडला.’ मी अंगठ्याने दाबतो आणि सोल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटाला येतो. गिऱ्हाइकाला वाटतं कंपनीने फसवलं. खरं कारण असं की तो सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प या फोमची रासायनिक साखळी हळूहळू तोडत राहतं, आणि उष्णता असली की ते काम भराभर होतं. दमट पावसाळा, त्यावर तापलेला एप्रिल-मे, आणि बूट बंद खोक्यात. झिजण्याशी याचा संबंध नाही, नुसतं ठेवूनही तो मरतोच. उलट अधूनमधून वापरलेला जोड निदान बिघडतोय हे वेळेवर दिसतं.

पीयू ओळखायचा कसा? हातात हलका लागतो, कडेला अंगठ्याने दाबलं तर थोडा दबतो आणि परत येतो. कुठे खरचटलेलं असेल तर आत बारीक बारीक बुडबुडे दिसतात. बऱ्याच सोलांवर तळाला किंवा कमानीपाशी बारीक अक्षरात ‘पीयू’ उठवलेलंच असतं. रबर जड लागतं, नखाने दाबल्यावर चिवटपणा जाणवतो, आणि ते वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या अकरातले पीयूवाले जे अजून धड आहेत ते ‘कार्यक्रमाला’ म्हणून राखून ठेवू नका. ते आजपासून रोज घाला आणि संपवा. राखायचा तो रबर किंवा चामड्याच्या सोलचा जोड.

आता पावसाकडे येतो, कारण पुण्यात पायांपुरते ऋतू दोनच: ओला आणि कोरडा. थंडीचा इथे बाऊ करायचं कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे टेकडीवर गारठा असतो, पण त्याला मोजे पुरतात. हिवाळी बूट म्हणून जे दुकानात लोकर लावून ठेवलेले असतात ते मनालीच्या सहलीसाठी एखाद्या मैत्रिणीकडून मागून आणा.

पुणे शहरात वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. मुंबईत दोन हजारांच्या वर. तरी चामड्याचे हाल पुण्यात कमी होत नाहीत, कारण इथला पाऊस पिरपिरतो. आठ-आठ दिवस ऊन नाही, सकाळी भिजलेला बूट संध्याकाळपर्यंत दमट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पायात. चामड्याला पाण्याने एकदा भिजल्याचं फार काही होत नाही, न वाळता परत भिजलं की ते कुजायला लागतं. शिवण कुजते, आतलं अस्तर सुटतं, पुठ्ठ्याचा इनसोल फुगतो, आणि मग बुरशी. तेव्हा जोड किती हवेत याचं उत्तर कपड्यांच्या रंगावरून निघत नाही. भिजलेला जोड पूर्ण सुकायला किती वेळ घेतो, त्यावरून निघतं.

म्हणून पावसाचं सँडल घेताना त्यात चामडं नको, कापडी अस्तर नको, फोमची जाड गादी नको. वरचे पट्टे रबराचे किंवा नायलॉनचे, आणि खालचा सोल खऱ्या रबराचा, खोल खाचांचा. मागे पट्टा पाहिजेच. मागे पट्टा नसलेली चप्पल पावसात चिखल उडवून सलवारीच्या मागे पोटरीपर्यंत नक्षी काढते, हे पुण्यातल्या कुठल्याही मुलीला सांगायची गरज नाही. आमच्या लहानपणी याला एकच उत्तर होतं, बाटाचं सँडक. शाळा सुरू होताना घ्यायचं, पाय वाढेपर्यंत घालायचं, मग धाकट्याला द्यायचं. आजही त्या जातीची, एकसंध साच्यातून काढलेली प्लास्टिकची सँडल मिळतात. टिकतात भरपूर, पण एक खोड आहे: त्यातलं पीव्हीसी प्लास्टिक जुनं झालं की कडक होतं आणि गुळगुळीत फरशीवर घसरतं. ईव्हीए नावाच्या फोमचे हलके, पुढून बंद क्लॉग, जे हल्ली सगळीकडे दिसतात, ते पायाला मऊ लागतात पण त्यांचा तळ पटकन झिजून सपाट होतो. तुमच्या कंपनीच्या लॉबीत ग्रॅनाइट असणारच. बाहेरून ओल्या पायाने आत शिरताना अशा सोलवर पाय गेला तर मणक्यावर येतं. झिजून खाचा सपाट झाल्या की तो जोड घरात वापरायला काढा, बाहेर नको.

स्पोर्ट्स शूज पावसात घालून जाणारे मला रोज दिसतात. जाळीतून पाणी आत जातं, मोजा भिजतो, पाय आठ तास त्यातच. मग बोटांच्या मधे चिखल्या होतात आणि माणूस त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन बुटाच्या किमतीएवढे पैसे देऊन येतो. त्यापेक्षा उघडं सँडल भिजू दे, पाय पुसला की झालं. अपवाद एकच: घरात कुणाला मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल, तर उघडं सँडल पावसात अजिबात नको. रस्त्यावरचा खडा लागलेला कळत नाही. त्यांच्यासाठी बंद पुढा आणि डॉक्टरांचा सल्ला.

मग ऑफिसच्या बुटाचं काय? तर जून ते सप्टेंबर त्याला ऑफिसातच राहू द्या. टेबलाखाली, कापडी पिशवीत. घरून सँडल घालून जायचं, तिथे पाय पुसून बूट चढवायचा, निघताना परत काढायचा. एवढ्याने चामड्याच्या बुटाचं आयुष्य किती वाढतं ते मी दरवर्षी बघतो. जे हे करतात त्यांचा बूट माझ्याकडे फक्त टाच बदलायला येतो, जे करत नाहीत त्यांचा अख्खा उसवून येतो.

ऑफिसचा बूट घेताना सगळ्यात आधी विचारा, याचा सोल बदलता येतो का. दुकानदार ‘हो’ म्हणेल, त्यामुळे स्वतः बघा. ढोबळमानाने तीन प्रकार भेटतील. एक, थेट ओतलेला: अपर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, साच्यात धरून त्याच्याखाली पीयू ओततात, तो तिथेच फुगून चिकटतो. स्वस्त, हलका, पण सोल गेला की बूट गेला, कारण जोडच नाही तर उघडणार काय? दोन, चिकटवलेला. वेगळा बनवलेला सोल सोल्युशनने, म्हणजे चपलांच्या गोंदाने, लावलेला. याला लोक नावं ठेवतात, पण सपाट रबराचा सोल असेल तर आम्ही तो गरम करून उतरवतो आणि नवा लावतो, काही अडचण नाही. कडा वर चढलेला, वाटीसारखा सोल असेल तर तेवढ्याच मापाचा मिळवणं जिकिरीचं जातं. तीन, शिवलेला. हा सगळ्यात चांगला आणि याचीच सगळ्यात जास्त नक्कल होते. सोलच्या कडेने टाके दिसतात ते पुष्कळदा रबरातच उठवलेले असतात, धागा नसतोच. खरा धागा असेल तर सुई आत गेल्याची भोकं दिसतात, टाचणीचं टोक धाग्याखाली जातं. नकली टाक्यात टाचणी शिरत नाही. आतली गादी उचलता येत असेल तर उचलून बघा. सोल आतून शिवलेला असेल तर तिथे शिवणीची ओळ दिसते. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, चार-पाच हजार तुमचे जाणार आहेत.

चामडं की व्हेगन? तत्त्व म्हणून कुणाला कातडं नको असेल तर मी त्यावर वाद घालत नाही. पण बाजारात ‘व्हेगन लेदर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कापडावर पीयू किंवा पीव्हीसीचा थर दिलेलं रेक्झिनच असतं, फक्त नाव नवीन. तेच बाष्प, तीच उष्णता, तोच पापुद्रा: दोन-तीन पावसाळ्यांत बोटं वळतात तिथून साल निघायला लागते आणि त्याला काहीही उपाय नाही. पॉलिश करता येत नाही, शिवायला गेलं तर फाटतं. कातडं नको असेल तर जाड कॅनव्हास आणि खाली रबर असा बूट घ्या, धुता येतो आणि टाका धरतो.

चामडंही धुतल्या तांदळाचं नाही. जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि त्या कारखान्यांचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर नदीची वाट लागते. म्हणून माझ्या मते चामड्याचा बूट घेण्याचा अधिकार तो आठ-दहा वर्षं वापरणाऱ्यालाच. दरवर्षी फॅशनपुरता घेणाऱ्याने रेक्झिन घेतलं काय नि चामडं घेतलं काय, दोन्ही वाईटच. कातडं निवडताना पृष्ठभाग फार गुळगुळीत, आरशासारखा, सगळीकडे एकसारखा असेल तर समजा वर रंगाचा जाड थर आहे. बूट बोटांपाशी वाकवून बघा. बारीक सुरकुत्या पडून परत जात असतील तर चांगलं, रंगाला जाड घडी पडत असेल तर ठेवून द्या. रंग टॅन किंवा गडद तपकिरी घ्या. साडी, जीन्स, सलवार, फॉर्मल सगळ्यावर जातो, खरचटलेलं दिसत नाही. काळा आणि तपकिरी असे दोन ठेवायचं कारण मला कधी पटलेलं नाही.

तुम्ही स्कूटर चालवता म्हणून एक लक्षात ठेवा. सिग्नलला बहुतेकांचा डावा पाय टेकतो, त्यामुळे डाव्या सोलची बाहेरची कड आधी जाते. मोटरसायकलवाल्यांच्या डाव्या बुटावर वरून गिअरचा काळा डाग असतो, तुम्हाला तो त्रास नाही. पण डावी कड दोन-तीन मिलिमीटर झिजली की लगेच पट्टी लावून घ्या, म्हणजे अख्खा सोल टाकायची वेळ येत नाही.

आता माझा आवडता विषय. सणासुदीला, साडीवर, लग्नाला वेगळ्या सँडलचा जोड ठेवण्याऐवजी एक खरी कोल्हापुरी ठेवा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं, थरावर थर ठेवून चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, पारंपरिक पद्धतीत लोखंडी खिळा नाही. म्हणजे शेवटी उरलीच तर सगळी एकाच जातीची वस्तू उरते, फोम-रबर-नायलॉनचा गिचका नाही. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्यामुळे अथणीकडची चप्पल ‘खरी नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये जवळजवळ हीच चप्पल दाखवली आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा दोन आठवडे माझ्याकडेही चौकशीला लोक येत होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पायात त्या वेळी फोमचे स्लायडर होते, ते असो.

बाजारात रस्त्याकडेला दोन-तीनशेला मिळते ती कोल्हापुरी दिसणारी चप्पल असते. तिच्या तळाच्या थरांत पुठ्ठा असतो आणि पट्टा रेक्झिनचा. कडेकडून बघा: खऱ्या चपलेच्या कडेला चामड्याचे तंतू दिसतात, पुठ्ठा एकसारखा तपकिरी आणि भुसभुशीत. नाकाला लावून बघा, सोल्युशनचा वास आला तर ठेवा परत. नवी चप्पल अंगठ्याच्या वेटोळ्यापाशी आणि पट्ट्याच्या कडेला चावते, त्याला घाबरू नका. पट्ट्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा, रात्रभर ठेवा, पहिले आठ दिवस घरातच तासभर घाला. तेल थेंबभर, चप्पल तेलात बुडवणारे असतात, त्यांचा तळ मऊ पडून पसरतो.

घेतल्या घेतल्या तिच्या खाली पातळ रबर लावून घ्या. शुद्धतावादी याला नाक मुरडतात. मी लावतो, कारण पुण्याच्या सिमेंटच्या रस्त्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर उघडा चामड्याचा तळ भराभर झिजतो, आणि रबर झिजलं की तेवढंच बदलता येतं. दसऱ्याला काढायची, मृग लागला की तेल देऊन ठेवून द्यायची. मधे वळवाने गाठलंच तर सावलीत उभी करून वाळवा. गणपतीत मात्र हौस आवरा. भाद्रपदात पाऊस असतोच, आणि विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर गर्दीत कोल्हापुरी तुडवली गेली की अंगठा तुटतो. त्या रात्री पावसाचं सँडलच घाला.

उंच टाचेचा जोड लागतोच का, हे तुमचं तुम्ही ठरवा. वर्षात दोन कार्यक्रमांसाठी लागत असेल तर बहिणीचा, वहिनीचा चालतो. माप जुळणारी एक तरी बाई नात्यात सापडतेच.

टेकडीच्या शूजबद्दल थोडक्यात. वेताळ टेकडी, तळजाई, महिन्यातून एखादा सिंहगड, एवढ्यासाठी हजारो रुपयांचे वॉटरप्रूफ बूट नकोत. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत शिरतं, आणि वॉटरप्रूफ पडदा मग ते बाहेरही जाऊ देत नाही. सह्याद्रीत फिरणारी पोरं वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज घालून राजगड-तोरणा करत आली आहेत, त्यामागचं कारण खालचं रबर. आपल्या कातळाला तेच धरतं. शेवाळ्यावर मात्र कुठलाच बूट धरत नाही, कितीही महाग घ्या. ट्रेकहून आल्यावर त्याच संध्याकाळी चिखल धुवा, वाळला की तो टाक्यांत बसतो आणि धागा कापतो. तुम्ही नियमित धावत असाल तर मात्र धावण्याचा जोड वेगळा लागेल, कारण त्यातला फोम साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर दबून जातो. नुसतं चालणाऱ्याला हे लागू नाही, कुणी विकायला आलं तर हसून नको म्हणा.

राहिली हवाई. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की पट्टा तुटला म्हणून ती टाकू नका. पट्टे सुटे मिळतात, घरच्या घरी बसतात.

सुकवणं आणि ठेवणं. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते काढून कोरडे कोंबा, आणि बूट आडवा ठेवा म्हणजे तळालाही हवा लागते. पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, गॅलरीतल्या कडक उन्हातही नको: चामडं तडकतं आणि सोल्युशन सैल पडतं. मग एक दिवस विश्रांती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दाराबाहेर जे बंद दाराचं शू-रॅक असतं ते पावसाळ्यात बुरशीची नर्सरी होतं. चार महिने त्याचं दार उघडं ठेवा किंवा काढूनच टाका. प्लास्टिकच्या पिशवीत काहीही ठेवू नका, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कपड्याने पुसा, सावलीत वाळवा, मग क्रीम लावा. तुमचे बुरशीचे दोन जोड, आतलं अस्तर शाबूत असेल तर, असेच वाचतील. टाकले नसतील तर करून बघा.

दुरुस्तीबद्दल मात्र थोडं जास्त बोलतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, तेव्हा आमच्या धंद्यातले लोक रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला विनामूल्य शिवून देतात. मीही आरी-रापी घेऊन बसतो. एका आजोबांची चप्पल हातात आली ती अजून डोळ्यासमोर आहे. पट्टा तीन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी शिवलेला, अंगठ्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं, टाचेखाली टायरचा तुकडा, त्याच्यावर अजून एक पातळ तुकडा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर ती चालणार होती. मी फक्त अंगठ्याचा टाका बदलला, बाकी सगळं घट्ट होतं. हे शक्य झालं कारण त्या चपलेचा प्रत्येक भाग वेगळा निघत होता. ज्या बुटाचे भाग वेगळे निघत नाहीत तो कितीही महाग असो, त्याला दुसरं आयुष्य नाही.

तुमच्या कोपऱ्यावरच्या मोचीकाकांशी ओळख ठेवा आणि त्यांना वेळ द्या. सोल सुटला की दोन्ही बाजू घासून, जुनं सोल्युशन काढून, नवं दोन्हीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं आणि ठोकायचं. आपण शेजारी उभं राहून ‘काका, लवकर करा’ म्हणत राहतो, ते बिचारे ओलंच चिकटवून देतात, आणि आठ दिवसांत पुन्हा सुटलं की त्यांनाच नावं ठेवतो. बूट सकाळी देऊन संध्याकाळी घ्या. चिकटवल्यावर कडेने टाके मारून द्यायला सांगा, त्याचे वेगळे पैसे आनंदाने द्या. घासाघीस करायची हौस कपड्यांच्या दुकानात भागवा.

अकरातले जे उरतील त्यांचं असं करा. घालण्यासारखे असतील तर धुऊन, जोडीने बांधून, ज्याला माप येईल त्याच्या हातात द्या. एकच बूट वेगळा पडला की दुसरा निरुपयोगी, म्हणून लेस एकमेकांना बांधा. फाटके दान करू नका. आपल्याला नको ते गरिबाला हवं असतं ही समजूत चुकीची आहे. खेळाचे जुने शूज घेऊन त्यांच्या चपला करणारी मुंबईकडची ग्रीनसोलसारखी संस्था आहे. अगदीच संपलेले जोड ओल्या कचऱ्यात टाकू नका, कोरड्यात वेगळे बांधून कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात द्या. मिसळलेल्या ढिगात गेलेला बूट कुणी वेगळा काढत नाही, आणि उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा पुरेसा सोसला आहे.

खरेदी या क्रमाने करा. पावसाचं सँडल मेमध्येच घ्या. जूनच्या पहिल्या सरीनंतर दुकानांत मापं शिल्लक नसतात आणि माणूस मिळेल ते उचलतो. हजारच्या आसपास चांगलं मिळतं. ऑफिसच्या बुटाला चार-पाच हजार ठेवा, आणि तो संध्याकाळीच घ्यायला जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. आपल्याकडे पंजा रुंद असतो, त्यामुळे रुंदी कमी पडते तेव्हा लोक लांबीचं एक माप वाढवतात आणि मग टाच निसटते. रुंद साच्याचा बूट मागा, नसेल तर दुसरं दुकान. कोल्हापुरी दसऱ्याच्या सुमाराला, दीड-दोन हजारांत. टेकडीचे शूज आणि हवाई तुमच्या अकरांत असणारच, नसतील तर उरलेल्या पैशांत बसतात. आणि दोन-तीनशे रुपये बाजूला राहिले तर एक न्यूट्रल, म्हणजे बिनरंगाचं, क्रीम आणि घोड्याच्या केसांचा ब्रश घ्या. मेणाचं पॉलिश चमक देतं पण चामड्याला खाऊ घालत नाही, ते क्रीमचं काम. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि मधे बूट कोरडा पडलेला दिसेल तेव्हा.